बाबा गेले तेव्हा जहाज केपच्या वाटेवर होते : एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात कर्ता माणूस वर्षातले सहा-आठ महिने पाण्यावर असलेली घरे जागोजाग सापडतात. अशा घरात कोणी अत्यवस्थ झाले की डॉक्टर काय म्हणाले याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच : त्याला कळवायचं का?

पुढची हकीकत अशाच एका घराची. मी बरीच वर्षे जहाजांवर काढली, आता किनाऱ्यावर राहून खलाशांच्या अडीअडचणींत लक्ष घालतो. हे प्रकरण त्यातूनच माझ्याकडे आले. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

समीर चौतीस वर्षांचा, केपसाइझ बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या प्रचंड जहाजावर, सेकंड ऑफिसर. सुमारे २९० मीटर लांबीचे जहाज, पोटात पावणेदोन लाख टन लोहखनिज आणि वर अवघी २२ माणसे. ब्राझीलच्या तुबारांव बंदरात माल भरायचा, आफ्रिकेच्या टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून हिंदी महासागर ओलांडायचा, सिंगापूरला इंधन घ्यायचे आणि चीनच्या चिंगदाओला खाली करायचा. अकरा हजार सागरी मैलांहून जास्त वाट. १२ नॉटने, म्हणजे ताशी १२ सागरी मैलांनी, चालले तर जवळपास चाळीस दिवस, आणि मधले बहुतेक दिवस नुसते पाणी.

करार सहा महिन्यांचा होता. मार्चमध्ये जहाजावर चढलेला समीर ऑगस्टअखेर चिंगदाओला उतरणार होता, म्हणजे गणपतीला घरी. कोकणातला खलाशी कराराच्या तारखा गणपती धरूनच जुळवतो, यात नवल नाही.

घरी आई-वडील गावात. बायको सायली आणि सहा वर्षांची मुलगी चिपळूणला, शाळेसाठी. मोठी बहीण, ताई, बदलापूरला. भाऊ नाही. गावात शेजारच्याच घरात चुलतभाऊ, तोच आंब्याची बाग बघतो.

वडील स्वतः सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले. मुलाने ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभे राहावे, डेकवर नव्हे, एवढ्यासाठी त्यांनी शेवटची काही वर्षे जादा ओढली. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. १९८०च्या दशकात समीरची आजी वारली तेव्हा ते जहाजावर होते. बातमी त्यांना महिन्याभराने रॉटरडॅमला पत्रातून कळली. तिथून पुढे दहा दिवस त्यांनी सुतक पाळले. धर्मशास्त्रात याची सोय आहे : आई-वडील गेल्याचे दूरदेशीच्या मुलाला ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून त्याचे दहा दिवस मोजायचे. बातमी उशिरा पोचणार हे त्या नियमाने गृहीतच धरले आहे. समीरच्या जहाजावर मात्र उपग्रहाचे इंटरनेट होते आणि खिशात व्हॉट्सॲप. बातमी काही सेकंदांत येणार, माणूस मात्र अजूनही बारा नॉटनेच घरी येणार. या प्रकरणातल्या बहुतेक गाठी या तफावतीतून पडल्या.

लपवाछपवी

जहाज तुबारांवच्या बाहेर नांगरावर थांबले होते, धक्का मोकळा व्हायची वाट बघत. त्याच दिवसांत गावी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. गुहागरहून त्यांना चिपळूणच्या रुग्णालयात हलवले. वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. पहिले तीन दिवस काढले तर बघू, असे डॉक्टर म्हणाले.

आई आणि ताईने ठरवले, समीरला कळवायचे नाही. 'तिकडे एकटा आहे, येऊ तर शकत नाही, उगाच जीव टांगणीला कशाला?' सायलीला हे पटले नव्हते, पण सासूच्या शब्दाबाहेर जाणे तिला जमले नाही. समीरचे फोन येत राहिले. बाबा झोपलेत, बाबा देवळात गेलेत, बाबांचा फोन बिघडलाय. पावसाळ्यात संध्याकाळी सातला झोपणारे त्याचे बाबा नव्हते. शंका आली होती, पण माल भरताना सेकंड ऑफिसरला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि शंका बाजूला ठेवायला तेवढे कारण पुरते. पुढे तो मला म्हणाला, "मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं."

जहाज सुटले. वडिलांनी ते तीन दिवस काढले, थोडे सुधारलेही. घरच्यांना वाटले, आता चिंगदाओपर्यंत निभावेल. मग छातीत जंतुसंसर्ग झाला आणि जहाज सुटल्याच्या दहाव्या दिवशी, भारतात रात्रीचे पावणेअकरा वाजले असताना, ते गेले. जहाज तेव्हा केपटाउनच्या पश्चिमेला, दोन दिवसांच्या अंतरावर होते.

बातमी कशी पोचली

सायलीने लगेच कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन केला. बरोबर केले. कप्तानाने समोर बसवून सांगावे, एवढीच तिची इच्छा होती. ड्युटीवरच्या माणसाने नोंद घेतली आणि जहाजाला ईमेल पाठवला. जहाजावर तेव्हा संध्याकाळ होती. कप्तान जेवून लवकर झोपला होता, कारण पहाटे हवामान बिघडायचा अंदाज होता. ईमेल तसाच पडून राहिला.

समीरची वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, बारा ते चार, दिवसाची आणि रात्रीची. साडेअकराला उठून कॉफी करताना त्याने फोन उघडला. भावकीतल्या एका पोराचे स्टेटस समोर आले. वडिलांचा फोटो, त्यावर हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो समीरनेच मागच्या वर्षी काढलेला होता.

पुढे जे झाले ते जहाजावर न राहिलेल्या माणसाला कळणे कठीण. त्याने कॉफी संपवली, ब्रिजवर गेला, थर्ड ऑफिसरकडून वॉच घेतली. कोर्स, वेग, आजूबाजूची जहाजे, सगळे रीतसर ऐकले, वहीत सही केली. सोबतच्या एबीला, पाळीवरच्या खलाशाला, काही बोलला नाही. दोन तास तो पावणेदोन लाख टनांचे जहाज चालवत होता आणि वडील गेलेत हे त्या जहाजावर एकट्यालाच ठाऊक होते.

दोनच्या सुमारास कप्तान वाऱ्याच्या आवाजाने जागा झाला, मेल बघितला आणि तडक वर आला. समीर रडारसमोर उभा होता. कप्तान पंजाबचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी काही सांगायच्या आधीच समीर म्हणाला, "सर, मला माहीत आहे." कप्तानांनी वॉच स्वतःकडे घेतली, बोसनला, म्हणजे सारंगाला, उठवले आणि समीरला त्याच्याबरोबर खाली पाठवले. बोसन दाभोळकडचा, समीरच्या वडिलांना ओळखणारा. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. हुद्द्याने चीफ ऑफिसर जवळचा होता, पण भाषेने आणि मातीने बोसन.

पहिले चोवीस तास

गावी पाऊस कोसळत होता. मृतदेह रात्री एकला घरी आणला. अंत्यविधी सकाळी दहाला ठरला. मुलासाठी थांबण्यात अर्थ नव्हता, तो दहा दिवसांतही पोचला नसता. अग्नी कोणी द्यायचा यावर रात्री थोडी कुजबुज झाली. ताई म्हणाली, मी देते. भावकीतल्या जाणत्यांना ते रुचले नाही. शेवटी आईनेच चुलतभावाचे नाव घेतले. अस्थी मात्र समीर येईपर्यंत झाडाला बांधून ठेवायच्या, असे भटजींनी सांगितले. कोकणात जहाजावरच्या मुलासाठी अस्थी अशा राखून ठेवणे नवीन नाही.

दहाला गावात, म्हणजे जहाजावर पहाटे साडेपाचला, व्हिडिओ कॉल लावायचा का? कप्तानांनी डेटाची मर्यादा उठवली, स्वतःच्या केबिनमधला मोठा पडदा देऊ केला आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली : बघितलेच पाहिजे असे नाही, आणि मध्येच बंद करावेसे वाटले तर बंद कर. समीरने ठरवले, घरातून निघेपर्यंत बघायचे, स्मशानातले नाही. बोसन शेजारी बसला. आईचा चेहरा दिसला, आईलाही त्याचा दिसला. तिरडी उचलताना कॉल तुटला. जहाजाचे उपग्रह-इंटरनेट ठणठणीत होते, गेले ते गावातले नेटवर्क.

त्या दिवशी कप्तानांनी आणखी दोन गोष्टी केल्या, दोन्ही गाजावाजा न करता. अनेक जहाजांवर औषधांच्या कपाटाची किल्ली सेकंड ऑफिसरकडे असते, इथेही होती. ती त्यांनी 'चार दिवस चीफकडे राहू दे' म्हणून मागून घेतली. आणि समीरला सरळ विचारले, मनात स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट येते आहे का? असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज फार पक्का आहे. तसे होत नाही. उलट, विचार आलाच असेल तर बोलायला दार उघडते. समीर म्हणाला नाही, आणि पुढे मला म्हणाला की त्या प्रश्नाने त्याला पहिल्यांदा वाटले, हा माणूस माझ्याकडे बघतो आहे.

पर्याय

आता प्रश्न उतरण्याचा होता. कुठे, कधी, की उतरायचेच नाही?

केपटाउन दोन दिवसांवर. पण सेकंड ऑफिसर असाच सोडून देता येत नाही. प्रत्येक जहाजाला किमान सुरक्षित मनुष्यबळाचा दाखला असतो, त्यातला अधिकारी कमी झाला तर जहाज पुढे नेता येत नाही. म्हणजे रिलिव्हर, त्याच्या जागी येणारा अधिकारी, आधी हवा. तो शोधायचा, त्याचा व्हिसा काढायचा, त्याला दोन दिवसांत केपटाउनच्या समुद्रात पोचवायचे : जमण्यासारखे नव्हते. हा पर्याय तासाभरात बाद झाला.

मॉरिशस आठ दिवस पुढे. थोडी वाट वाकडी करून पोर्ट लुईच्या बाहेर थांबायचे, लाँचने एकाने चढायचे, दुसऱ्याने उतरायचे. तिथे खलाशांची अशी अदलाबदल नेहमी होते, भारतीयाला व्हिसाची अडचण येत नाही आणि मुंबईला थेट विमान आहे. दहावा हुकणार, पण तेराव्याला पोचण्याची शक्यता होती. मात्र वाकडी वाट म्हणजे वेळ आणि इंधन, आणि जहाज भाडेतत्त्वावर असले तर हा खर्च मालकाने सोसायचा की भाडेकरूने हा वाद. जीव वाचवण्यासाठी वाट सोडली तर कोणी बोट ठेवत नाही. गेलेल्या माणसासाठी सोडली तर हिशेब मागितला जातो. व्यवहार कठोर आहे, पण तो तसा आहे हे खलाशाला माहीत असलेले बरे.

सिंगापूर तीन आठवड्यांवर. जहाज तिथे थांबणारच होते, सर्वांत सोपे आणि स्वस्त.

आणि चौथा, न बोललेला पर्याय : चिंगदाओपर्यंत करार पुरा करायचा. या बाजूने बरेच काही होते. महिन्याभराचाच प्रश्न होता. चीफ मेटच्या, म्हणजे चीफ ऑफिसरच्या, परीक्षेसाठी लागणारा सी-टाइम, समुद्रावरचा काळ, भरत आला होता. करार मोडला तर स्वतःच्या आणि रिलिव्हरच्या प्रवासाचा खर्च अंगावर येतो, अशी जहाजावर समजूत होती. शिवाय भारताबाहेरचे दिवस. आर्थिक वर्षात देशातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर माणूस करासाठी अनिवासी धरला जातो, म्हणून प्रत्येक खलाशाच्या डोक्यात एक कॅलेंडर चालू असते. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण हे दिवस मोजतो आहोत, याची समीरला भयंकर शरम वाटली. शरमेचे कारण नव्हते. तो हिशेब त्याच्या घराचाच होता.

आई फोनवर म्हणाली, "येऊ नकोस. आता येऊन काय बघणार? तुझ्या बाबांनीसुद्धा असंच सोसलं. काम पुरं करून ये." सायली म्हणाली, "आईंचं ऐकू नकोस. त्या रात्री उठून बसतात." ताईशी तो बोललाच नाही.

काय केले

अशा वेळी पहिल्या चोवीस तासांत मोठा निर्णय घेऊ नये, असे आपण सगळेच सांगतो. इथे ते शक्य नव्हते. मॉरिशस पकडायचे तर रिलिव्हरची हालचाल त्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. कप्तानांनी प्रश्न वेगळा मांडला. आज हो म्हणालास आणि चार दिवसांनी नको वाटले, तर रिलिव्हर मागे घेता येईल, फार तर तिकिटाचे पैसे जातील. आज नको म्हणालास आणि चार दिवसांनी जावेसे वाटले, तर मॉरिशस गेलेले असेल. समीर हो म्हणाला. या साऱ्या प्रकरणात एवढा नेमका युक्तिवाद दुसरा झाला नाही.

मग समीरचा सेवाकरार काढून वाचला. खर्च अंगावर येतो ही समजूत चुकीची निघाली. सागरी कामगारांसाठीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराने, म्हणजे एमएलसीने, अशा दुःखद आणि निकडीच्या कारणासाठी कमी मुदतीत किंवा नोटिशीशिवाय, दंड न बसता काम सोडण्याची गरज लक्षात घ्यायला सांगितले आहे. भारताने हा करार २०१५मध्ये स्वीकारला. प्रत्यक्षात कोणते नाते त्यात बसते हे मात्र ज्याच्या त्याच्या सेवाकरारावर अवलंबून असते. काही करारांत विवाहित खलाशासाठी जोडीदार आणि मूल एवढेच धरतात, आई-वडील फक्त अविवाहिताचे. समीरच्या करारात आई-वडील होते. कंपनीने दोघांचाही प्रवासखर्च उचलला आणि वाकड्या वाटेला भाडेकरूची संमती मिळवली. जहाजावर रात्रीचे हिशेब मांडत बसलेल्या माणसाला हे कागद पहिल्या दिवशी कोणी दाखवले असते तर निम्मी घालमेल वाचली असती.

मधले आठ दिवस कसे काढायचे हा वेगळाच प्रश्न. दोन दिवस समीरला वॉचमधून पूर्ण मोकळे ठेवले. रात्रीची बारा-चार कप्तानांनी स्वतः घेतली आणि विश्रांतीचे तास मोडू नयेत म्हणून चीफ ऑफिसरचीही वेळ हलवली. चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा नियम कप्तानाच्या सहानुभूतीला सूट देत नाही. तिसऱ्या दिवशी समीरनेच काम मागितले. त्याला दुपारची वॉच दिली, सोबत एबी कायम, आणि कप्तान अधूनमधून 'चहा प्यायला' वर.

केप ओलांडताना दोन दिवस जहाज इतके डोलत होते की जेवणाची ताटे टेबलावर ठरत नव्हती. समीर म्हणतो, ते दोन दिवस बरे गेले, कारण सगळेच गप्प होते. त्रास नंतर झाला. २२ माणसांच्या जहाजावर एकटे राहायला जागा नाही आणि सोबत मिळेलच असेही नाही. जेवणघरात तो आला की बोलणे थांबायचे. फिटर रोज पाठीवर हात ठेवायचा आणि समीरला तो हात नकोसा व्हायचा. पहिल्यांदाच जहाजावर आलेल्या कॅडेटने एकदा न विचारता त्याचे नकाशे-दुरुस्तीचे काम संपवून ठेवले, ते मात्र त्याच्या लक्षात राहिले.

सुतकाचे काय? गावच्या भटजींशी बोसनने बोलणे करून दिले. त्यांनी सोपे केले : सामिष नको, जमिनीवर झोपता आले तर झोप, रोज आंघोळीनंतर दक्षिणेकडे तोंड करून तिळाचे पाणी दे. कुकने तीळ शोधून काढले. बोसनने ट्रिमरने त्याचे केस उतरवले. दहाव्या दिवशी गावात चुलतभाऊ पिंड ठेवणार होता, त्याच सकाळी समीरलाही काहीतरी करायचे होते. समुद्रात कावळा कुठला? भटजी म्हणाले, गावातही कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तू भाताचा गोळा समुद्रात सोड. आता इथे मार्पोल, जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार, आडवा येतो की काय, म्हणून कप्तानांनी नियम बघितला. अन्न किनाऱ्यापासून बारा मैलांपलीकडे समुद्रात टाकता येते. मॉरिशस तेव्हा बरेच दूर होते. मागच्या डेकवर समीर, बोसन, कुक आणि कॅडेट एवढेच जमले. कप्तानांनी कचऱ्याच्या वहीत 'अन्न' अशी नोंद केली आणि वेळ लिहिली. नियम पाळणाऱ्या माणसाला सांत्वन असेही करता येते.

संध्याकाळी जहाज पोर्ट लुईबाहेर पोचले. हे बंदर बेटाच्या वायव्येला आहे, त्या दिवसांतल्या आग्नेय वाऱ्यांच्या आडोशाला, त्यामुळे लाँच नीट लागली. रिलिव्हर वर आला, समीरने त्याला तासभर कारभार समजावून दिला आणि पायलट लॅडरने, जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरशिडीने, खाली उतरला.

परिणाम

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मुंबई, तिथून गाडीने, पावसातल्या महामार्गाचे सगळे भोग भोगत, बाराव्याच्या रात्री तो घरी पोचला. तेरावा त्याच्या हातून झाला. अस्थी त्यानेच समुद्रात सोडल्या. 'येऊ नकोस' म्हणणाऱ्या आईने तो आल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवण केले, असे सायली सांगते.

एवढ्यावर सगळे जुळून आले असे म्हणता येणार नाही. ताईशी तो दीड महिना बोलला नाही. त्याचा राग मृत्यूच्या बातमीवर नव्हता, आजारपण लपवण्यावर होता. वडिलांची वाचा गेली होती, पण ऐकू येत होते. ब्राझीलच्या नांगरावरून फोन कानाला लावला असता तर दोन शब्द त्यांना ऐकवता आले असते. उतरून वेळेत पोचलो असतो की नाही ते सोड, असे तो म्हणतो. ताईची बाजूही तेवढीच खरी होती. रुग्णालयातली रात्रींची जागरणे तिने काढली, अग्नी द्यायचा तिचा हक्क भावकीने डावलला, आणि वर भावाचा अबोला. गणपतीत दोघे एका घरात होते, मूर्ती आणली, वाजंत्री नव्हती. बोलणे सुरू झाले ते जमिनीच्या कागदांवरून. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायला तीन महिन्यांच्या आत कळवावे लागते. आई, समीर आणि ताई अशी तिघांची नावे लावायची की ताईकडून हक्कसोड घ्यायचे, हा विषय चुलतभावाने तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी काढला होता. समीरने तिघांची नावे लावली. माझ्या मते त्या घरातला समेट तिथे झाला, तोंडाने कोणी काही बोलले नाही तरी.

सी-टाइम थोडा कमी पडला, परीक्षा पुढे गेली. जानेवारीत तो पुन्हा जहाजावर चढला. पहिल्या महिन्यात रात्रीच्या वॉचआधी फोन उघडायची धास्ती वाटायची, छातीत धडधडायचे. एका रात्री त्याने सीफेअररहेल्प या चोवीस तास चालणाऱ्या मोफत मदतसेवेला संपर्क केला, हिंदीत बोलला, नंतर कंपनीच्या समुपदेशकाशीही. आता वॉचआधी तो फोन उघडत नाही, उतरल्यावरच बघतो. धास्ती पूर्ण गेली का विचारले तर हसतो.

जहाजावर चढण्याआधी त्याने घरच्यांशी एक ठरवून घेतले : आजारपण असो वा मृत्यू, आधी कंपनीला फोन, मग त्याला, मग भावकीला, आणि लपवायचे काही नाही. ताई आणि सायलीने मान्य केले. आई अजून कबूल झालेली नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत महागात पडला तो पहिला निर्णय, न कळवण्याचा. त्यामागे माया होती, आणि जुना अनुभवही. पत्र महिन्याने पोचायचे त्या काळात न कळवण्याने खरोखर काही बिघडत नव्हते, कारण माणसाच्या हातात करण्यासारखे काही नसायचे. आज नांगरावरचा माणूस बोलू शकतो, बघू शकतो, रिलिव्हर मागू शकतो. म्हणून कळवायचे की नाही हे घरच्यांनी त्याच्या वतीने ठरवू नये. काही खलाशी खरोखर सांगतात, मला बंदर गाठेपर्यंत कळवू नका. तो त्यांचा निर्णय आहे आणि तो पाळावा. पण तो चढण्याआधी, डोके शांत असताना विचारून घेतलेला हवा.

स्टेटसचा घाव टाळता आला असता का? गावातल्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या दृष्टीने तो आदर होता. मृतदेह घरी आणताना कोणा एकाने भावकीच्या ग्रुपवर 'समीरला अजून सांगितलेलं नाही, काही टाकू नका' एवढे लिहायला हवे होते. अशा रात्री हे सुचत नाही, म्हणून हे काम आधीच एका माणसाकडे सोपवून ठेवावे. चुलतभाऊ योग्य होता. कंपनीच्या ड्युटीवरच्या माणसाने ईमेलवर न थांबता जहाजाच्या ब्रिजवर फोन करायला हवा होता. ब्रिजवर माणूस चोवीस तास जागा असतो, मेल वाचणारा नसतो. त्या कंपनीने नंतर आपली पद्धत तशी बदलली, हे मुद्दाम सांगतो.

व्हिडिओ कॉलबद्दल माझे मत पक्के नाही. बघितलेले चित्र परत पुसता येत नाही, न बघितलेल्याचीही रुखरुख राहते. कुठपर्यंत बघायचे हे त्याने स्वतः ठरवले आणि शेजारी माणूस होता, या दोन गोष्टींमुळे ते निभावले. कंपनीने अशा कॉलसाठी इंटरनेट मोकळे करावे, यात मात्र दुमत नको. परवडेल अशा दरात इंटरनेट देण्याची तरतूद डिसेंबर २०२४पासून एमएलसीतच आली आहे.

एका बाबतीत मी कप्तानांशी सहमत नाही. तिसऱ्या दिवशी समीरला वॉच द्यायला नको होती, दुपारची, सोबतीने, तरीही. झोप मोडलेला माणूस रडारकडे बघतो आणि त्याला दिसत नाही, हे मी पाहिले आहे. बातमी कळून दोन तास त्याने कोणाला न सांगता वॉच केली तेव्हा काही झाले नाही, ते समुद्र मोकळा होता म्हणून. कप्तानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "काम काढून घेतलं असतं तर आठ दिवस त्याने केबिनमध्ये काय केलं असतं?" मी म्हणालो, नकाशे, मेंटेनन्स, काहीही, फक्त ब्रिज नको. त्यांनी मान हलवली नाही. समीरला विचारले तर तो कप्तानांच्या बाजूने आहे.